डोकं फुटल्यावर आलेली गाडी

थोरल्या जाऊबाईंच्या छातीत गाठ आहे हे कळलं, तेव्हा पारनेरजवळच्या आमच्या वस्तीवर सात म्हशी होत्या. दोन्ही वेळच्या धारा काढायच्या आणि डेअरीला दूध घालायचं, हे आम्ही दोघी जावा बघायचो. माझे मालक सुप्याला कंपनीत कामाला. गावच्या शाळेत बायकांच्या तपासणीचं शिबिर झालं, तिथे जाऊबाईंना मीच ओढून नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कॅन्सरचा संशय आहे, आठवड्याच्या आत नगरच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन गाठीचा तुकडा तपासून घ्या. उपचार फुकट होते. चिठ्ठी बघून मोठ्या दिरांनी जाऊबाईंच्या कानाखाली वाजवली, परक्यांपुढे अंग उघडं केलं म्हणून. मलाही द्यायला हात उचलला होता, पण धाकट्या भावजयीला शिवायचं नसतं म्हणून खाली घेतला. एवढी आमची रीत.

नगरला जायचं तर सकाळची एसटी धरायची, आणि परत येईस्तोवर संध्याकाळची धार चुकते. या आठवड्यात जाऊ, पुढच्या आठवड्यात जाऊ, असं करता करता महिना गेला. मी दोनदा त्यांची पिशवी भरली, दोनदा दिरांनी ती उकिरड्यावर फेकली.

एके दिवशी डेअरीवरून परतले तर गोठ्यातून किंकाळी आली. आत जाऊबाई जमिनीवर पडलेल्या, दीर त्यांच्या दंडांवर गुडघे रोवून बसलेले, आणि गावातल्या गुरांना डाग देणारा म्हातारा तापलेली सळई त्यांच्या छातीला लावत होता. कातडं चरचरलं. त्या वासामुळे मला आजही मटण शिजवता येत नाही.

ज्या दिरांसमोर बारा वर्षांत डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, त्यांच्या कपाळावर मी हातातली दुधाची किटली घातली. कपाळ उकललं. ते उठायला लागले तशी पुन्हा हाणली, मग पुन्हा. म्हाताऱ्याच्या अंगावर पेटती शेगडी उलथली, तो धोतर झटकत पळाला. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

दीर हलेनात, तेव्हा मात्र मी घाबरले आणि अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावला. दुसऱ्यांदा पिशवी उकिरड्यावर गेली तेव्हा जाऊबाईंसाठीही मी याच नंबरवर फोन केला होता. तेव्हा पलीकडच्या माणसाने विचारलं होतं, रक्त चाललंय का, श्वास नीट आहे का, आणि म्हणाला होता, मग बसने न्या. आता डोकं फुटलंय म्हणताच अर्ध्या तासात गाडी दारात. मी जाऊबाईंनाही त्याच गाडीत घातलं.

वाटेत गाडीतच शुद्धीवर येऊन दीर कण्हत होते आणि जाऊबाई माझ्यावरच भडकल्या.

"त्यांला कशाला मारलंस? म्हाताऱ्याला मीच बोलावलं हुतं. मीच म्हनले, दाबून धरा."

"का पण?"

"मागल्या साली आपल्या म्हशीची कास दगडावानी झाल्ती. डाग दिला, चार दिसात उतरली. मी नगरला गेल्यावर धारा कोन काढनार हुतं, तुझा बाप?"

मला त्यांनाही मारावंसं वाटलं. जन्मभर कास धुता धुता ही बाई स्वतःला म्हैस समजून बसली होती. एवढ्या भाजलेल्या, तरी पदराने दिरांचं रक्त टिपत होत्या.

नगरला दिरांना नऊ टाके पडले. पाय घसरला, असं त्यांनी पोलिसांना सांगितलं. भावजयीचा मार खाल्ला हे कुठल्या तोंडाने सांगणार? जाऊबाईंची गाठ कॅन्सरचीच निघाली. पण भाजलेल्या जागेत पू झाला, आणि जखम भरल्याशिवाय ना ऑपरेशन, ना इंजेक्शनं, असं डॉक्टर म्हणाले. जखम भरायला दीड महिना लागला. तेवढे दिवस धारा दिरांनी काढल्या. गाठ तोवर फुप्फुसात पोचली होती.

जाऊबाई पाडव्याच्या आधी गेल्या. दीर आता माझ्याशी मान खाली घालून बोलतात. त्यांच्या कपाळावरचा व्रण बघून लोकांना वाटतं, मला पस्तावा होत असेल. होतो ना. गाडी कशाला येते हे मला आधी कळलं असतं, तर चिठ्ठी मिळाली त्याच दिवशी मी त्यांचं डोकं फोडलं असतं.