सुपरचार्जरखालची नळी

थोरल्या भावाला जाऊन दहा महिने झाले होते, तेव्हा त्याची गाडी बिघडली. बिघडली म्हणजे बंद पडली नाही. सुरू व्हायची, आणि मग जागच्या जागी धापा टाकायची. इंजिनाच्या वेगाचा काटा वर जायचा, खाली यायचा, पुन्हा वर, आणि चौथ्या-पाचव्या फेरीला इंजिन गप्प व्हायचं.

गाडी जुनी, जर्मन, पेट्रोलवरची. भाऊ तीस वर्षं मस्कतच्या एका वर्कशॉपात होता. कायमचा परत आला आणि घराचं छप्पर नीट करायच्या आधी गोव्यात जाऊन ही गाडी घेऊन आला. तिला सुपरचार्जर आहे, हे तो येईल त्याला सांगायचा, अगदी मासे विकायला आलेल्या बाईलाही. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा हवेचा पंप. हवा दाबून इंजिनात कोंबतो, आणि गाडी चढावाला मागून कोणी ढकलल्यासारखी पळते. मालवणच्या रस्त्यांवर त्याचा उपयोग काय, हे मी एकदा विचारलं. त्यावर तो आठ दिवस माझ्याशी बोलला नाही.

मी ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करतो. चाळीस वर्षं डिझेलात हात घालतोय, बंदरात मला ओळखत नाही असा तांडेल नाही. पण सख्ख्या भावाने त्या गाडीचं बोनेट मला कधी उघडू दिलं नाही. "तू ट्रॉलरांचो डाक्तर," म्हणायचा, "हिका हात लावू नको." चारचौघांत म्हणायचा आणि हसायचा. मला ते लागायचं. आजही लागतं, आता भांडायला समोर कोणी नाही म्हणून जास्तच लागतं.

तो गेल्यावर वयनीने किल्ली माझ्या हातात दिली. तो रोज सकाळी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचा, म्हणून मी दर रविवारी जाऊन तेवढं करायचो. मी ड्रायव्हरच्या सीटवर, वयनी बाजूच्या सीटवर. भावाला आणि तिला मूल नव्हतं. घरात ती एकटीच. दहा मिनिटं ती समोरच्या काचेतून अंगणाच्या दगडी गडग्याकडे बघत बसायची, मग "होयत आता" म्हणून उतरायची आणि चहा टाकायला आत जायची. बोलणं एवढंच. त्या दहा मिनिटांसाठी ती लुगडं बदलून यायची, हे मला बऱ्याच रविवारांनंतर लक्षात आलं.

गाडी धापा टाकायला लागली आणि तिसऱ्या रविवारी तर मिनिटभरही थांबेना. वयनी सीटवर बसून राहिली. उतरेना.

"वर्स झाला काय माका ह्या गाडयेतसून म्हायाराक जावचा आसा," ती म्हणाली. "वेंगुर्ल्याक. तेनी कबूल केलेला, पावस गेलो काय जावया म्हणान. मगे हॉस्पिटलच झाला. भावजी, तेवडी नीट करा."

वर्षश्राद्धाला दीड महिना होता. मी म्हटलं, करतो. न करून सांगतो कोणाला?

आता माझी फजिती सांगतो. त्यानंतरचे दोन रविवार मी नुसता अंदाजपंचे ठोकत होतो. प्लग बदलले. हवेचा फिल्टर बदलला. थ्रॉटल साफ केला, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप. पट्टा ताणून बघितला. गोव्याच्या त्या विकणाऱ्याला मनात यथेच्छ शिव्या घातल्या, त्या मात्र काहीच कारण नसताना. डिझेल इंजिन बिघडलं की काळा धूर काढून, ठोके देऊन सांगतं तरी. हे पेट्रोलचं म्हणजे मोठ्या घरची सून, दुखतंय कुठे ते सांगणार नाही. भाऊ असता तर बोनेट उघडून, मान तिरकी करून अर्ध्या तासात बोट ठेवलं असतं. हे मला माहीत होतं आणि त्यानेच माझं डोकं फिरत होतं.

शेवटी एका रविवारी नुसता ऐकत बसलो. पूर्वी आयडलिंगला सुपरचार्जरचा आवाज येत नसे. आता येत होता, दुधाच्या भांड्यावर झाकण थरथरावं तसा बारीक घूं घूं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. गाडी उभी ठेवून इंजिन नुसतं चालू असताना सुपरचार्जरचं काम नसतं. एक छोटी झडप उघडी राहते आणि हवा त्याला वळसा घालून फिरते. ती झडप उघडी धरायला मोटर नाही, काही नाही. इंजिन हवा आत ओढतं, त्या ओढीनेच एका बारीक रबरी नळीतून ती उघडी राहते. नळी फाटली की ओढ संपली. झडप मिटते, सुपरचार्जर उगाच घुमत बसतो, आणि फाटलेल्या जागेतून चोरटी हवा इंजिनात शिरते.

चोरट्या हवेने काय होतं, ते वयनीला मी जेवणाच्या भाषेत सांगितलं. दारात माणसं मोजून तू तांदूळ वैरलास, आणि मागल्या दाराने आणखी चार जण येऊन पंगतीला बसले, तर भात पुरेल काय? गाडी दारात हवा मोजते आणि तेवढंच पेट्रोल देते. मागच्या दाराचा तिला पत्ता नसतो. वयनी म्हणाली, "मगे तो मागचो दरवाजो बघा खंय आसा तो." बरोबरच होतं तिचं.

पण त्या इंजिनाच्या मागे आणि खाली रबरी नळ्यांचं जाळं आहे, आणि हात जाईल तिथे डोळा जात नाही. मी बोटी तपासणारा माणूस. रंगाचा एक रिकामा डबा घेतला, झाकणाला दोन भोकं पाडून दोन नळ्या बसवल्या. आत करवंटीचे निखारे आणि वर नारळाचं ओलं सोडण. एका नळीला टायरात हवा भरायचा पायपंप, दुसरी लांबलचक नळी इंजिनाच्या ओढीच्या बाजूला. हवा आत घेण्याचं तोंड प्लास्टिकची पिशवी आणि फडकं बांधून बंद केलं. भावाने हा प्रकार बघितला असता तर मला अंगणातून हाकललं असतं. गाडी थंड, इंजिन बंद, आणि मी पायाने हळूहळू पंप मारत होतो.

वयनी पायरीवर उभी होती. "धूप घालतास?" तिने विचारलं. हसली की काय, मला नीट दिसलं नाही. हसली असेल तर त्या वर्षातलं तेच एक हसणं.

पाच मिनिटं काहीच नाही. मग सुपरचार्जरच्या खालून धुराची एक सुतासारखी रेघ वर आली. मी पंप सोडून गाडीखाली उताणा सरकलो आणि हात वर घातला. झडपेला जाणारी तीच बारीक नळी, क्लिपच्या खालच्या बाजूने फाटलेली. वरून बघणाऱ्याला जन्मात दिसली नसती. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. क्षणभर वाटलं, भावाला हाक मारून दाखवावी.

नळी ओढून काढली, तर ती हातात शिजलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखी आली. फुगलेली, मऊ, बुळबुळीत. जुनी झालेली रबरी नळी अशी होत नाही. उन्हाने, उष्णतेने ती कडक होते, तडकते, चुरा होते. ही तर सुजली होती. मी बाकीच्या नळ्यांना हात लावला. सगळ्या तशाच, थोड्याफार. सगळ्यांवर एक चिकट, पिवळट थर. बोट नाकाला लावलं आणि कळलं. मोरीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, काळजाचं तेल.

आमच्या घरात हा वास न ओळखणारा कोणी नाही. वडिलांची होडी होती. हंगाम संपला की ती वाळूवर ओढायची, खरवडायची, आणि मग मोरीचं काळीज कढवून काढलेलं तेल तिच्या फळ्याफळ्यांना चोळायचं. तेल प्यायलेल्या लाकडाला खारं पाणी बाधत नाही, कीड लागत नाही. ते चोळायचं काम घरच्या बायकांचं. वयनी नवी नवरी होती तेव्हापासून चोळत आली. काही टिकवायचं तर त्याला तेल द्यायचं, हे तिच्या हातालाच माहीत. नवऱ्यामागे त्याची गाडी खाऱ्या हवेत उभी आहे, तर तिने तेच केलं. पण रबराला तेलाचं वावडं. लाकूड ज्याने जगतं, त्याने रबर कुजतं.

मी गाडीखाली तसाच पडून राहिलो. तिला काय सांगायचं, हे कळेना. कारण अकरा महिन्यांपूर्वीचं हॉस्पिटल माझ्या डोळ्यांसमोर होतं.

भावाच्या किडन्या गेल्या होत्या. डॉक्टरांनी पथ्याचा कागद दिला होता, तो इंग्रजीत. आम्ही तो औषधांच्या पिशवीत घडी करून ठेवला. आजारी माणसाला शहाळ्याचं पाणी द्यावं, हे आमच्याकडे कोणी कोणाला शिकवत नाही. वयनी रोज सकाळी त्याला एक शहाळं द्यायची, कधी दोन. आणि एक दिवस त्याला दरदरून घाम फुटला, छातीत गडबड झाली, आम्ही त्याला घेऊन धावलो. तिथे तरुण डॉक्टर रक्ताचा रिपोर्ट हातात धरून म्हणाला, "यांना शहाळं कोण देत होतं? किडनीच्या माणसाला शहाळं विष असतं, कागदात लिहिलंय ना?" तो रागावला नव्हता. दमलेला होता. वयनी म्हणाली, "मी देत होते." चार शब्दही पुरते नाहीत. डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेला. भाऊ तिसऱ्या दिवशी गेला.

ती शहाळी माझ्या माडांची होती. मीच पाडून, देठाने बांधून, सायकलला लावून आणून देत होतो. एवढंच नव्हे, पाणी गोड असलेला माड निवडून द्यायचो. डॉक्टरने विचारलं तेव्हा मी तिच्या बाजूलाच उभा होतो, आणि मी तोंड उघडलं नाही. का, ते मला सांगता येत नाही. लाज म्हणा, भीती म्हणा. तिने एकटीने ते अंगावर घेतलं आणि त्याबद्दल मला कधी एका शब्दाने टोचलं नाही. कदाचित तिच्या मनात माझा वाटा आलाच नसेल. तिच्या हिशेबी देणारा हात तिचा होता.

आता त्याची गाडीही तिच्याच मायेने मेली, हे मी तिला कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

दुसऱ्या दिवशी बंदराजवळच्या दुकानातून ट्रॉलरच्या डिझेलची जाड नळी आणली. ती तेल सोसते. हातभर तुकडा कापला, क्लिपा नव्या घातल्या. बाकीच्या नळ्या तूर्त केरोसिन न लावता, साबणाच्या पाण्याने पुसून काढल्या. कोपऱ्यातल्या वाकड्या नळ्या इथे मिळत नाहीत, त्या मागवाव्या लागतील, आणि त्या येईपर्यंत किती टिकतील ते देवाला ठाऊक. दुपारी किल्ली फिरवली. काटा एकदा उडाला, खाली बसला आणि तिथेच राहिला. घूं घूं बंद. बोनेटवर पाण्याचा पेला ठेवला असता तर सांडला नसता. वयनी आतून धावत आली, हात ओले होते तशीच.

"गावली?" तिने विचारलं.

"गावली. एक नळी गेलेली."

"कित्यान गेली?"

मी उत्तर रात्रभर तयार करून ठेवलं होतं. "खाऱ्या वाऱ्यान," मी म्हटलं. "हय सगळ्यांचाच असा होता. कोणाचो दोष नाय."

मला वाटलं, तिला बरं वाटेल. ती गाडीकडे बघत राहिली. पदराने हात पुसले, मग पुन्हा पुसले.

"म्हणजे माझाच तेल कमी पडला," ती म्हणाली.

मी किल्लीवरचा हात काढून घेतला.

"तुमका सांगूक नाय मिया. दर शनवारी लावी होतंय, सगळ्या काळ्या नळयांक. पण श्रावणात दोन शनवार चुकले. माका ताप इल्लो. उठाकच जमला नाय." तिचा आवाज अगदी सरळ होता, वाणसामानाची यादी सांगावी तसा. "त्याच दोन शनवारांनी घात केल्यानी."

इंजिन चालू होतं, छान, एका लयीत. तेव्हाच बोलायला हवं होतं. तेलाचं, आणि तेलाबरोबर माझ्या शहाळ्यांचंही. शब्द जिभेवर आले होते, हे मी शपथेवर सांगतो. पण तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू या वेळी तरी उपाय हाती आहे, चूक सुधारता येण्यासारखी आहे.

"आता रोज लावलंय तर टिकतली मां, भावजी?"

"टिकतली," मी म्हटलं.