आम्रपालीताईंचा नकार

आकुर्डी स्टेशनच्या रस्त्यावर आम्रपाली ओव्हाळ यांचं औषधांचं दुकान आहे. वडील भीमराज कंपनीत फिटर होते. लेकीनं फार्मसी करून दुकान टाकलं, तेव्हा पाटी त्यांनी स्वतःच्या हातानं ठोकली. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक द्यायचं नाही, हा ताईंचा शिरस्ता. त्यापायी गिऱ्हाईक तुटतं, पण त्या बधत नाहीत.

चाकणच्या एका कारखान्यातला, मूळ लातूरकडचा ज्योतीराम एकदा कपाळ दाबतच आला.

"ताई, डोकं फुटायलंय. सायनस हाय. मागं घेतली ती कडक गोळी द्या, शिफ्ट बुडवता येत नाही."

"कधीपासून आहे?"

"झाले की दोन-तीन दिवस."

"मग त्या गोळीचा उपयोग नाही, भाऊ. अशी सर्दी बहुतेक वेळा आपोआप उतरते. मिठाच्या कोमट पाण्यानं नाक धुवा, दुखण्यापुरती ही साधी गोळी घ्या. पण बरं वाटून पुन्हा उलटलं, ताप चढला, डोळ्याभोवती सूज आली, तर तडक डॉक्टर गाठा."

"मग दुकान कशाला मांडलंय?" म्हणत तो फणकाऱ्यानं गेला.

पुढच्या आठवड्यात तोच पुन्हा दारात. मधे बरा होऊन कामावरही गेला होता. आता अंगात ताप, गालात ठणका आणि डावी पापणी टरारून सुजलेली.

"तुमचं ऐकलं अन् हे असं झालं."

ताई विचार करत बसल्या नाहीत. शटर ओढलं, त्याला रिक्षात बसवलं आणि नाक-कान-घशाच्या डॉक्टर योगिनी यांच्याकडे नेलं. डॉक्टरांनी डोळा नीट तपासला, लगेच दाखल करून घेतलं आणि शिरेतून अँटिबायोटिक सुरू केलं.

ताईंनी बाहेर चाचरत विचारलं, "तेव्हाच गोळी दिली असती तर?"

"तेव्हा तिची गरज दिसत नव्हती. आता आहे. वेळेत आणलंत, डोळा वाचेल."

तसंच झालं. घरी आल्यावर ज्योतीरामला हुशारी वाटू लागली, तशी त्यानं डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या मधेच बंद केल्या. "राहिलेल्या पुढच्या खेपेला होतील." हे कळताच ताई त्याच्या खोलीवर धडकल्या.

"पुढच्या खेपेचं डॉक्टर बघतील. आत्ता त्यांना फोन लावा आणि सांगतील तोवर घ्या."

त्यानं तिथंच डॉक्टरांना फोन लावला आणि गोळ्या पुऱ्या केल्या. डोळा लख्ख बरा झाला.

दिवाळीत गावाकडून आई आली. तिला खोकला होता. ज्योतीरामनं तिला थेट ताईंच्या काउंटरपुढं उभं केलं.

"बघा जरा, ताई. काही द्यायचं नसलं तर तसं सांगा. आमी ऐकू."