इंगळे सरांच्या व्हॅनमधली हवा

गॅरेजशेजारी दुकान असलं की किस्से शोधत हिंडावं लागत नाही. तेच पायरीवर येऊन बसतात अन् वरून चहा मागतात. माझं सीटकव्हरचं दुकान अमरावतीच्या बडनेरा रोडवर, गजू मिस्त्रीच्या गॅरेजला लागून. माझं शिक्षण सातवी, तेही दोनदा. तरी यंदाच्या मे महिन्यात एका मास्तरला अन् एका मिस्त्रीला मी जवळून शिकताना पाहिलं.

इंगळे सर गणिताचे रिटायर्ड मास्तर. त्यांच्या प्रज्ञाला अकोल्यात सरकारी नोकरी लागली. सोमवारी साडेदहाला हजर व्हायचं. सरांचा एकच हट्ट, "पयल्या दिवशी मायी पोरगी बापाच्या गाडीतून उतरीन."

त्यासाठी चिखलदऱ्याच्या माणसाकडून जुनी व्हॅन घेतली. इंजिन मधोमध सीटखाली, रेडिएटर पार समोर नाकात. गाडी गल्लीबाहेर पडली की तापलीच. प्रज्ञा म्हणाली, "बाबा, एसटी काय वाईट आहे?" सर दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

*

गजूनं सांगितलं, "सर, पाण्याच्या पायपात हवा अडकली."

सर म्हणाले, "हवा तर चाकात असते."

मी म्हणालो, "मंग चाकातली काढून पाहा सर, तेवढीच कमी होईन."

सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी सातवीत तिसऱ्यांदा नापास झालो.

*

गजूच्या शटरसमोर उतार आहे. त्यानं व्हॅन नाक खाली करून लावली अन् समोरून पाणी भरलं. दोन दिवस भरलं, दोन्ही दिवस गाडी तापली.

तिसऱ्या दिवशी प्रज्ञा सरांचा डबा घेऊन आली. उभ्या उभ्या म्हणाली, "गजूदादा, बाटलीतला बुडबुडा वर जाते. तुमी गाडीचं तोंड खाली कावून ठेवलं?"

गजू म्हणाला, "मी आता तेच करून राहिलो होतो."

मग आम्ही सगळे चहाला गेलो. कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

*

गाडी फिरवून नाक वर केलं. पुढच्या चाकांखाली लाकडाचे ओंडकेही दिले. गजू म्हणाला, "सर, आत बसा. गाडी चालू, हीटर फुल, म्हंजे त्याच्या पायपातलीही हवा निघते. मी सांगेपर्यंत बंद करायचा नाही."

थंड हवेच्या चिखलदऱ्याची गाडी म्हणून हीटर होता. अमरावतीत मे महिन्यात तो लावणारे सर पहिलेच.

मी शेजारची सीट उचलून पाईप दाबत होतो. दाबला की समोर रेडिएटरच्या तोंडातून बुडबुडा निघे, गुडगुड होई, अन् सर आतून मोजत, "सत्तावीस... अठ्ठावीस..."

चाळीसला हवा संपली. मग मी तोंडानं गुडगुड करायला लागलो. सर त्र्याहत्तरपर्यंत गेले.

गजूच्या ध्यानात आलं तेव्हा तो पाना घेऊन माझ्या मागं धावला. पार पेट्रोलपंपापर्यंत. त्या पळापळीत सरांना एक गोष्ट सांगायची राहूनच गेली.

*

सोमवारी सर गाडी चालवायला, प्रज्ञा शेजारी अन् मी मागं पाण्याची कॅन घेऊन. फायलीतले कागद उडू नयेत म्हणून काचा बंद. तापमानाचा काटा जागचा हलेना. सर खूश.

बडनेरा सुटलं अन् प्रज्ञा म्हणाली, "बाबा, हीटर चालू आहे."

"गजूनं बंद करायचं सांगतलं नाही."

"मंग त्याले फोन लावा ना."

"तो गाडीखाली असते, उचलत नाही. बबनराव, तुमचं काय म्हणणं?"

एका शब्दात सुटका होती. तिघांचीही.

मी म्हणालो, "काटा खाली आहे सर. चालू द्या."

मूर्तिजापूरपर्यंत अर्धी कॅन आम्ही प्यालो, उरलेली मी डोक्यावर ओतली.

सव्वादहाला सरांनी ऑफिसच्या दारातच गाडी लावली. उतरून, मागून फिरून, पोरीचं दार स्वतः उघडलं. प्रज्ञा उतरली. ओढणी निथळत होती, फाईल तेवढी कोरडी. सरांचा सदरा पाठीला चिकटलेला, माझ्या डोक्यावर ओला टॉवेल.

दारातल्या शिपायानं आम्हा तिघांकडे पाहिलं. मग गाडीच्या अमरावतीच्या नंबराकडे, मग रस्त्यावरच्या उन्हाकडे पाहिलं. अन् मोठ्या अदबीनं विचारलं, "मॅडम, अमरावतीले पाऊस चालू आहे काय?"