साहेबांपुढचा पडदा

भावोजी म्हणजे फिटरच्या सख्ख्या बहिणीचे यजमान, शिवाय त्याच्याच खात्याचे सुपरवायझर. तरी त्याला ते कितपत कळले होते? घरी ते काय बोलत, कशाला भीत, हे त्यानं कधी विचारलं नाही. कारखान्यात मात्र सगळे त्यांना पडदा म्हणत, आणि ते नाव त्यांना शोभे.

मॅनेजरसाहेबांना कुणीतरी शिकवलं होतं, केबिनमध्ये बसून काही कळत नाही, यंत्रापाशी जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघावं. तेव्हापासून दर सोमवारी ते हात पाठीमागे बांधून फेरी मारत. पुढे अर्धं पाऊल भावोजी. शनिवारीच जमिनीवरचे पिवळे पट्टे रंगवून घ्यायचे, भंगार पत्र्याआड ढकलायचं आणि साहेबांची नजर वळेल तिथे स्वतःचं पोट नेऊन उभं करायचं, हीच त्यांची कारागिरी.

"काही अडचण?" साहेब कामगाराला विचारत.

"छे, मजेत आहे साहेब," उत्तर भावोजी देत. साहेब खूश. बघायला आले होते, बघून झालं.

कोपऱ्यातल्या पत्रा दाबायच्या प्रेसवर फिटरची बायको काम करी. क्लच झिजल्यामुळे तो प्रेस पेडल न दाबताही मध्येच खाली येई. त्या क्षणी हात आत असला तर गेलाच. "दोन दिवस थांबवा, मी उघडतो," फिटर विनवून थकला.

"आणि माल कोण देणार? तुझा बाप?" भावोजी म्हणाले. "वहिनींना सांग, जपून काम करा."

पुढच्या सोमवारी फेरी कोपऱ्याशी आली. पोट प्रेसपुढे आडवं आलं. फिटरनं तोंड उघडलं, तर भावोजी म्हणाले, "याचा घसा बसलाय, साहेब."

फिटरनं मग बायकोला उठवलं, मेन स्विच खाली ओढला आणि त्याला स्वतःचं कुलूप ठोकलं.

"हे काय?" साहेब पोटाला वळसा घालून पुढे आले.

"आपोआप खाली येतो, साहेब. हिचा हात जाईल."

भावोजींना घाम फुटला, पण जीभ शाबूत होती. "मीच थांबवायला सांगितला, साहेब. म्हटलं, आपण स्वतः बघावं."

साहेबांनी त्यांची पाठ थोपटली. क्लच बदलला गेला. बायकोचे हात वाचले आणि बढती भावोजींना मिळाली, दुसऱ्या गावच्या कारखान्यात. तिथेही कुणा साहेबाला बघायची हौस असणार.

तिथेच वर्षाच्या आत ते हृदयविकारानं गेले. बढतीवर निघायच्या दिवशी ते फिटरला गेटवर भेटले होते, तेच शेवटचं.

"ताईला कधी नेणार?" फिटरनं विचारलं.

"घर मिळालं की. घरचा पंखा फार खडखडतोय म्हणते, जाऊन बघ जरा."

"रविवारी जातो, भावोजी."