धुरपताबाईचे नऊ भुंगेरे

पेडगावची धुरपताबाई परभणीच्या कृषी विद्यापीठात, किड्यांच्या प्रयोगशाळेत झाडलोटीला होती. अठरा वर्षांत बघून बघून ती अळ्यांना खाऊ घालायला आणि किड्यांना टाचण्या टोचायलाही शिकली होती.

दिवाळीत प्रयोगशाळेला कुलूप लागणार, म्हणून तिथं संशोधन करणाऱ्या शिवानीने एक डबा तिच्या हवाली केला. आत राजस्थानच्या वाळवंटातून आणलेले नऊ काळे भुंगेरे होते. "मावशी, जीव की प्राण आहेत माझे. रोज काकडीची चकती तेवढी टाका."

घरी नवऱ्याला, मुंजाजीला, राहवलं नाही. अंगणात झाकण काढून त्याने एकाला काडीने डिवचलं. भुंगेऱ्याने तोंड खाली घालून बूड आभाळाकडे केलं.

"अगं, हे तर शीर्षासन करायलंय!" म्हणत मुंजाजी वाकला. असा काही उग्र वास नाकात शिरला की डबा हातातून सुटला. नऊच्या नऊ पसार!

धुरपताबाईने कपाळाला हात लावला. "पोरीला आता कोणत्या तोंडानं सांगू?"

पण किडा बिनपंखी, पायी चालणारा. जाऊन जाऊन जाईल कुठं? तिने घरातले झाडून सारे स्टीलचे पेले काढले आणि काठ जमिनीच्या पातळीत येईल असे अंगणभर मातीत पुरले; चालता चालता किडा आत पडला की गुळगुळीत स्टीलवरून वर चढणार नाही. आत काकडीसारख्या वाळकाच्या फोडी टाकल्या. नवऱ्याला बजावलं, "आता दोन दिस चहा बशीतून प्या."

तिसऱ्या सकाळी नववा सापडला. पण पेल्यांत आणखी वीसेक बारके, मातकट भुंगेरेही पडले होते. गोवऱ्यांखाली ती ते लहानपणापासून बघत आलेली. तिने तेही बरणीत भरले आणि सुट्टी संपताच शिवानीला झालं ते सगळं सांगून टाकलं.

शिवानी रागवायचं विसरून बरणीच डोळ्यांपाशी धरून बसली. "मावशी, हे त्याच कुळातले! आपल्याकडे मिळतात?"

"लय हायेत. चला की, दावते."

त्या हिवाळ्यात दोघी दर रविवारी बांधाबांधाने पेले पुरत हिंडल्या. कुठल्या मातीत किती पडतील ते धुरपताबाई सांगायची, शिवानी लिहून घ्यायची. उन्हाळ्यापूर्वी विद्यार्थ्यांना हे शिकवायची वेळ आली, तेव्हा शिवानीने तिलाच पुढे केलं. आधी ती मागेच उभी राहिली. मग एका मुलीने पेला काठ वर राहील असा पुरलेला दिसला, आणि धुरपताबाईने पदर खोचला. "सरक बाई, असा न्हाई! किडा काय पायरी चढून येतोय व्हय?"