आधी बघू दे

कुमुदताई गेल्याचा फोन आला तो एका शुक्रवारी, दुपारी. फोन त्यांच्या धाकट्या भावाचा, मधूकाकांचा होता. जेवून जरा पडते म्हणाली ती उठलीच नाही, एवढंच त्यांनी सांगितलं. मी फोन ठेवला आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल, तर उद्या शनिवार आहे. माझा मुलगा निनाद पंचविशी ओलांडलेला, उंचापुरा, ऑटिझम असलेला. बोलतो अगदी मोजकं. पण शनिवारी संध्याकाळ व्हायला लागली की चपला घालून दाराशी उभा राहतो आणि "बरकतपुरा" एवढा एकच शब्द म्हणतो. गेली कित्येक वर्षं आम्ही तारनाक्याहून बरकतपुऱ्याला कुमुदताईंकडे जातो आहोत. आता तिथं कुणाकडे जायचं, हे त्याला मी कोणत्या शब्दांत सांगणार होते...

कुमुदताई मुलांच्या डॉक्टर. नव्वदच्या दशकात माझ्या नवऱ्याला, श्रीरंगला, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही पुण्याहून हैदराबादला आलो. त्या काळात आमच्या ओळखीतलं कुणी ना कुणी दर महिन्याला इकडे येऊन थडकत होतं. घरात केबल आली, कोपऱ्यावर इंटरनेटचं दुकान आलं, आपण फार पुढारलेल्या जगात राहायला आलो असं मला वाटत होतं. आणि मुलाला दाखवायला मराठी डॉक्टर हव्यात म्हणून गेले, तर समोर या. घराणं इथलंच, वडील निजामाच्या काळापासूनचे वकील. कुमुदताईंनी आधी गौलीगुड्यात दवाखाना चालवला आणि मग बरकतपुऱ्याच्या घरातली पुढची खोली धरली. मराठी अस्सल, पण त्यात "हौ" आणि "परेशान" आणि "खामखा" असे शब्द खड्यांसारखे यायचे. मला पुण्याची म्हणून हसू यायचं. त्यांनाही माझ्या मराठीचं यायचं, हे बरंच नंतर कळलं.

त्यांची एक पद्धत होती, तिच्यापायी दवाखान्याबाहेरची रांग कधी संपायची नाही. मुलानं त्यांच्या चेहऱ्याकडे एकदा तरी नीट बघितल्याशिवाय त्या सुई टोचत नसत. इतर डॉक्टर खुळखुळा वाजवून लक्ष दुसरीकडे वळवतात आणि पटकन उरकतात. या उलट. सुई ट्रेमध्ये ठेवायच्या, खुर्ची पुढे ओढायच्या आणि थांबायच्या. आई घाई करायला लागली की म्हणायच्या, "आधी बघू दे. ज्याला दुखणार आहे त्याला माणूस तरी दिसू दे. चोरून टोचायचं नाही." मूल बघायचं, बहुतेक वेळा हसायचंही, आणि मग अर्थातच भोकाड पसरायचं.

निनाद बघायचा नाही. तो छताच्या पंख्याकडे बघायचा. कुमुदताई थांबायच्या, त्याच्या नजरेच्या वाटेत डोकं आणायच्या, हाक मारायच्या आणि शेवटी, रांग वाढली की, नाइलाजानं टोचायच्या. वर्ष उलटलं तरी तो चार शब्दांपलीकडे गेला नव्हता, पण त्याचं कारण आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. घरात मराठी, सांभाळणारी यादम्मा तेलुगू बोलणारी, आणि वरच्या मजल्यावरच्या खाला, ज्यांच्याकडे तो दुपारभर असायचा, त्या दखनी उर्दू बोलणाऱ्या. लेकरू तीन भाषांत गोंधळलंय, असं यादम्मा म्हणायची, खाला म्हणायच्या, माझी सासू फोनवरून म्हणायची, आणि कुमुदताईही म्हणाल्या. एकदा तोंड उघडलं की तिन्हीत बोलेल बघ, म्हणाल्या. या शहरात जवळजवळ प्रत्येक घरात असा एखादा मामा असतो जो चौथ्या वर्षापर्यंत गप्प होता आणि पुढे वकील झाला. त्या मामाच्या भरवशावर आम्ही निवांत होतो.

मग सव्वा वर्षाचा असताना त्याला गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्र लस दिली, आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत होते ते चार शब्दही गेले. तिसऱ्या वर्षी सिकंदराबादच्या तज्ज्ञांनी ऑटिझम हा शब्द उच्चारला. तो शब्द मी त्याआधी ऐकलासुद्धा नव्हता. त्याच सुमारास अमेरिकेतल्या नणंदेची ईमेल आली. तिकडे टीव्हीवर, वर्तमानपत्रांत एकच गदारोळ होता, याच लसीमुळे मुलांना ऑटिझम होतो म्हणून. आया कॅमेऱ्यासमोर रडून सांगत होत्या की मूल चांगलं होतं, लस दिली आणि हातचं गेलं. मला प्रत्येक वाक्य माझंच वाटलं. आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. दोष द्यायला कुणीतरी मिळालं होतं, आणि ते कुणीतरी जवळच, बरकतपुऱ्याला बसत होतं.

तोवर आमची धाकटी, सई, जन्माला आली होती आणि तिची तीच लस जवळ येत होती. मी ठरवून टाकलं, द्यायची नाही. श्रीरंगला ते पटत नव्हतं, आमचं त्यावरून रोज वाजायचं. एका सकाळी मी ईमेलचे छापलेले कागद घेऊन कुमुदताईंकडे गेले, भांडायलाच. त्या चिडतील, माझा अडाणीपणा काढतील, म्हणजे मलाही मनसोक्त बोलता येईल अशी माझी तयारी. त्यांनी चष्मा लावला आणि रांग खोळंबलेली असताना सगळं वाचून काढलं. मग म्हणाल्या, "प्रश्न चांगला आहे तुझा. हे कागद ठेवून घेऊ?" माझी सगळी हवाच गेली. पुढचे काही दिवस, मधूकाका सांगतात, त्या रोज दवाखाना बंद करून नारायणगुड्याच्या इंटरनेटच्या दुकानात जाऊन बसायच्या. साठीची बाई, कॉलेजच्या पोरांमध्ये. त्या पोरांनीच त्यांना माउस धरायला शिकवला.

मग त्यांनी मला बोलावलं. लसीच्या बाजूनं काय लिहिलंय, विरुद्ध काय लिहिलंय, दोन्ही त्यांनी सांगितलं. ज्या शोधनिबंधावरून गदारोळ उठला होता तो अगदी थोड्या मुलांवर बेतलेला होता, आणि ती मुलंही निवडून घेतलेली, हे त्यांना खटकलं होतं. पण मला ती कुठलीतरी परदेशी मुलं नको होती. मला निनाद हवा होता. मी म्हटलं, सुईच्या आधी तो अगदी चांगला होता, मला लख्ख आठवतंय. त्या म्हणाल्या, "आठवतंय ते खरं गं. पण दिसतंय का कुठं? फोटो नको, हलतं काही आहे का?"

होतं. निनादच्या बोरन्हाणाची टेप होती. संक्रांतीला आम्ही तारनाक्याच्या मराठी मंडळींची सगळी पोरं गोळा केली होती आणि श्रीरंगनं नव्या कॅमेऱ्यानं हौसेनं सगळं टिपलं होतं. तेव्हा निनाद आठ महिन्यांचा. एकत्र लस तर सोडाच, गोवरची पहिली सुईसुद्धा व्हायची होती.

कुमुदताईंच्या आतल्या खोलीत आम्ही ती टेप लावली. काळं झबलं, हलव्याचे दागिने, मधोमध पाटावर टेकून बसवलेला निनाद. त्याच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, गोळ्या ओतल्या जातायत आणि बाकीची पोरं किंचाळत तुटून पडतायत. त्याच्याच वयाची शेजारची मुलगी रांगत येऊन त्याच्या मांडीवरचं बोर उचलते, त्याच्या तोंडाकडे बघते. तो बघत नाही. बोरं टाळूवरून घरंगळतायत आणि त्याची मान वर, पंख्याकडे. माझी सासू कॅमेऱ्याच्या मागून हाक मारते, "निनाद, इकडे बघ रे." पुन्हा मारते. पुन्हा. मग माझाच आवाज येतो, हसरा: "स्वारी विचारात आहे." आणि सगळे हसतात.

मी तो माझा हसणारा आवाज ऐकला आणि मला रडू फुटलं. कुमुदताईंनी टेप बंद केली नाही. मागे घेतली आणि पुन्हा लावली. मला राग आला होता, पण त्या पडद्याच्या इतक्या जवळ सरकल्या होत्या की माझा राग त्यांना दिसलाच नसता. बऱ्याच वेळानं माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मीनल, हे मला माझ्या खुर्चीतून दर वेळेला दिसत होतं. मुलानं बघावं म्हणून थांबणारी मी. तो बघत नाही हे बघितलं, आणि खामखा भाषेवर ढकललं. आपण आधी भाषेवर ढकललं, आता सुईवर ढकलायलोत. तो बिचारा तसाच आलाय."

मी विचारलं, मग कशानं झालं? "मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "कुणालाच पुरतं माहीत नाही अजून. एका टेपवरून जगाचं शास्त्र ठरत नसतं, पण तुझ्या निनादपुरतं उत्तर यात आहे." मग सईचा विषय त्यांनीच काढला. गौलीगुड्यात सुरुवातीच्या दिवसांत गोवर आलेली मुलं कशी यायची ते सांगितलं. छाती भरलेली, डोळे चिकटलेले, आणि काही परत घरी न गेलेली. त्यांनी घाबरवायला सांगितलं नाही, आठवून आठवून सांगितलं. "तू गोवर नीट बघितलेलाच नाहीस. आम्ही टोचत आलो म्हणून बघितला नाहीस. परेशान होऊ नको, घरी जा, विचार कर. पण फार दिवस करू नको."

मी घरी आले. सई पाळण्यात जागी होती. मी तिला हाक मारली आणि तिनं मान वळवली. एवढ्या साध्या गोष्टीकडे मी तोवर कधी लक्षच दिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन गेले. तिनं कुमुदताईंकडे बघितलं, त्यांचा चष्मा ओढला, आणि मग सुई घेऊन सगळा दवाखाना डोक्यावर घेतला.

पुढे देशोदेशीच्या लाखो मुलांवर तपासण्या झाल्या आणि लसीचा संबंध काही सापडला नाही. तो मूळचा निबंधही मागे घेतला गेला. ही बातमी कुमुदताईंनी मला फोन करून सांगितली, पण जिंकल्याच्या सुरात नाही. त्यांना पुढचंच पडलं होतं, मग खरं कारण काय असेल गं? आजही तीच जुनी ईमेल नवे कपडे घालून व्हॉट्सअ‍ॅपवर येते आणि मी चिडून पुसून टाकते. त्या पुसत नसत. पाठवणाऱ्या आईला फोन करायच्या आणि मूल कसं आहे ते विचारायच्या.

निनादसाठी त्यांनी एक टेबलफॅन आणला. त्याला पंखा बघायचाय ना, म्हणाल्या, मग मीच पंख्यामागं बसते. तो स्टुलावर, मधे फिरणारा पंखा, पलीकडे खुर्चीत त्या. थोडा वेळ फिरू द्यायचा आणि मग बटण दाबायचं. पाती हळू होत थांबली की मागे कुमुदताईंचा चेहरा. पहिले कित्येक महिने तो चिडला, हात चावला, मलाच ते बघवेना. त्या म्हणायच्या, "थांब, आधी बघू दे त्याला." एका शनिवारी त्यानं बघितलं. पुढे बटण तोच दाबायला लागला. उपचार बिपचार काही नव्हतं ते, आणि त्यांनीही कधी तसं म्हटलं नाही. त्यांना तो काय बघतो हे बघायचं होतं, आणि त्याला ते आवडायचं.

दिवसवार झाल्यानंतरच्या शनिवारी मी निनादला घेऊन गेले. मधूकाकांनी पुढची खोली झाडून ठेवली होती, आणि तो येणार म्हणून पंखा लावून ठेवला होता. निनाद आपल्या स्टुलावर बसला. बराच वेळ पाती बघत राहिला. मग त्यानं हात पुढे केला आणि बटण दाबलं. पंखा हळू झाला, थांबला. मागे रिकामी खुर्ची होती.

मी उठले. त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगायला लागले की ताई आता...

त्यानं माझा हात बाजूला केला. खुर्चीवरची नजर न काढता, अगदी कुमुदताईंच्या सुरात म्हणाला, "थांब. आधी बघू दे."

मी त्याच्या शेजारी खाली बसले.