न्नेवीचा जपान

आमच्या न्नेवी गावात कुणालाही "जपान कुठे राहतो?" असं विचारा, तो पूर्वेकडे बोट करणार नाही. बाजारामागची तिसरी गल्ली दाखवील. तिथे पत्र्याच्या शेडखाली, तेलकट बनियनवर, ओक्पाचा, म्हणजे वाफवलेल्या डाळीच्या वडीचा, घास चावत एक साठीचा माणूस इंजिनाचं झाकण घासत बसलेला असतो. तोच आमचा जपान.

खरं नाव अफामेफूना. आमच्या इग्बो भाषेत त्याचा अर्थ 'माझं नाव बुडू नये'. आईबापांनी एवढ्या हौसेनं नाव ठेवलं आणि या गृहस्थांनी जन्मभर स्वतःच्या हातच्या मालावर 'मेड इन जपान' चिकटवलं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. मला हे बोलायचा अधिकार आहे, कारण ते माझे दाजी आहेत आणि ती चिकटपट्टी छापणारा मीच.

दाजींना दोष देण्याआधी गिऱ्हाइकाची गोष्ट ऐका. पूर्वी त्यांनी ब्रेकचा दांडा बनवला आणि सरळपणे सांगितलं की मी बनवला. गिऱ्हाइकानं तो दोन बोटांत मेलेल्या उंदरासारखा धरला आणि परत ठेवला. दुसऱ्या दिवशी तोच दांडा, माझी पट्टी लावून, त्याच माणसानं नेला आणि वर दाजींना ऐकवून गेला, "बघ, याला म्हणतात माल." पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय! त्या दिवसापासून दाजींनी आपलं नाव गिळलं ते गिळलंच. दांड्यापासून सुरुवात करून ते अख्ख्या मोटरसायकलीपर्यंत पोचले. इंजिन आपल्या भट्टीत ओतायचे, सांगाडा आपल्या हातानं जोडायचे. आणि बाजार म्हणायचा, जपानकडे जपानी गाडी आली.

मग एक दिवस राज्य सरकारनं फर्मान काढलं. आरोग्य खात्याला खेड्यापाड्यांत लस पोचवायला साठ मोटरसायकली हव्या होत्या आणि त्या देशातच बनलेल्या असल्या पाहिजेत, अशी अट होती. बाजारात दोन तट पडले. एक म्हणे, सरकारनं आपल्या पोरांचा माल घ्यायचा नाही तर कुणी घ्यायचा? दुसरा म्हणे, देशभक्ती आपल्या जागी, पण गाडी चढावर बसली आणि पेटीतलं बर्फ वितळलं, तर ती लस काय सूप करून प्यायची? हे दुसऱ्या तटाचे लोक सगळे दाजींच्याच गाडीवर बसून बोलत होते. त्यांना ते माहीत नव्हतं.

दाजींना मात्र झोप लागेना. मागणी मोठी होती म्हणून नव्हे. उगोयेताई, म्हणजे माझी बहीण, मला म्हणाली, "त्यांना एकदा, मरायच्या आधी, कुणीतरी कागदावर लिहून द्यायला हवंय की ही गाडी यांनी बनवली. बस." हे ऐकून मला माझ्या छापखान्याची लाज वाटली. खरंच वाटली.

दाजींच्या पाच गाड्या चाचणीला गेल्या. तीन दिवस डोंगरातल्या लाल मातीत पळाल्या, लसीच्या पेट्या घेऊन नाले ओलांडले, एकही बसली नाही. चौथ्या दिवशी राजधानी ऑकाहून तपासनीस इंजिनियर मॅडम एझिन्ने शेडमध्ये आल्या. त्यांच्यासोबत, न बोलावता, चीफ अनेकवेही आले. या चीफचा, म्हणजे गावच्या मानकऱ्याचा, धंदा असा की परदेशातून खोक्यांत गाड्या आणायच्या, चार बोल्ट पिळायचे, टाकीला झेंड्याचा हिरवा-पांढरा रंग फासायचा आणि त्यावर 'अस्सल देशी' लिहायचं. त्या पट्ट्याही मीच छापल्या होत्या. पोट सगळ्यांनाच असतं.

दाजींनी पाहुण्यांच्या रीतीप्रमाणे कोलाची कडवट बी पुढे केली आणि ती फोडण्याआधी लांबलचक प्रार्थना म्हटली. ती इग्बोतच म्हणायची असते, कारण कोलाला इंग्रजी कळत नाही. मॅडमनी आपला तुकडा चावत चावत पहिल्या गाडीपाशी वाकून पाहिलं आणि त्या सावकाश सरळ झाल्या.

"बाबा," त्या म्हणाल्या, "कोलाला इंग्रजी कळत नाही, ठीक आहे. पण तुमच्या गाडीला जपानीशिवाय काही कळत नाही असं दिसतंय."

पट्टी! रंगकाम करणाऱ्यानं सवयीनं पाचही गाड्यांवर माझी पट्टी लावली होती. तीस वर्षं जे केलं, तेच त्यानं मन लावून केलं होतं. दाजींनी नखानं खरवडून पट्टी काढली. खाली लोखंडात, चांगली उठावदार, तीच अक्षरं ओतलेली होती. कारण इंजिनाचा साचा त्यांनी पूर्वी एका अस्सल जपानी इंजिनावरूनच घेतला होता आणि तोही अक्षरांसकट. समोर आहे तसं उतरवायचं, हा त्यांचा नियम. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी हळूच सांगितलं की गाडीला शंभरपैकी शंभर गुण आहेत, पण अट देशी मालाची आहे, आणि मला जे लिहिलेलं दिसतं तेच मी लिहू शकते. उगोयेताईनं भट्टी दाखवली, वाळूचे साचे दाखवले. मॅडम म्हणाल्या, भट्टी सगळ्यांकडे असते. तेवढ्यात चीफना कंठ फुटला. त्यांनी पाचही इंजिनांवरून हात फिरवला आणि प्रत्येकाच्या झाकणावर, एकाच जागी, अंगठ्याएवढा एक खळगा दाखवला. "बघा मॅडम. पाचही गाड्या ठोकलेल्या. तिकडच्या कारखान्यानं फेकून दिलेला माल हा आपल्या सरकारच्या गळ्यात मारतोय." चोराच्या उलट्या बोंबा त्या ह्याच.

त्या खळग्याबद्दल आमच्याकडे पुष्कळ मतं होती. एक मिस्त्री म्हणायचा, तो वारा खेळायला ठेवलाय. दुसरा म्हणायचा, त्यामुळे तेल थंड राहतं. दाजींना कुणी विचारलंच नव्हतं आणि ते स्वतःहून बोलणारे नव्हेत. आज मात्र ते बोलले.

"तो खळगा जपानचा नाही," ते म्हणाले. "तो आपल्या चर्चच्या फाटकाचा आहे."

मग सगळं बाहेर आलं. ज्या इंजिनावरून साचा घेतला ते आमच्या चर्चमध्ये धर्मशिक्षण देणाऱ्या पायस गुरुजींच्या गाडीचं होतं. गुरुजी एका रविवारी ताडी जरा जास्त झाल्यानं प्रार्थनेला वेळेवर पोचायच्या नादात फाटकाच्या खालच्या बिजागरीवर जाऊन आदळले. दुरुस्तीला आलेल्या त्याच इंजिनावरून दाजींनी साचा घेतला. समोर आहे तसा. खळग्यासकट.

"चला," मॅडम म्हणाल्या.

गल्लीनं असली मिरवणूक पाहिली नव्हती. पुढे मॅडम, मागे पाच मोटरसायकली ढकलणारे आम्ही, त्यामागे अबाचा, म्हणजे कंदाच्या किसाची कोशिंबीर, विकणाऱ्या बायका टोपल्यांसकट. फाटकाशी नवीच अडचण. मधल्या काळात फाटक बदलून एक हात वर बसवलं होतं, बिजागरी मात्र तीच. म्हणजे गाडी उचलायला हवी. आमच्याकडे मोठी माणसं ओझं उचलत असताना कुणी हात मागे बांधून उभा राहत नाही. त्यामुळे पांढराशुभ्र कडक इस्त्रीचा झगा घातलेल्या चीफ अनेकवेंना मागचं तेलकट चाक धरावं लागलं. फादर बाहेर येऊन कुणाची अंत्ययात्रा आहे म्हणून विचारू लागले.

बिजागरीच्या बोल्टचं डोकं चौकोनी होतं आणि त्याचा एक कोपरा तुटलेला होता. दाजींनी इंजिन पुढे सरकवलं. खळग्यात बोल्ट खट्कन बसला, तुटक्या कोपऱ्यासकट. दुसरी गाडी, खट्. तिसरी, खट्. पाचव्या वेळी सगळी गल्ली तोंडानंच खट् म्हणाली. चीफच्या झग्यावर तोवर टायरची पूर्ण नक्षी उमटली होती.

मॅडमनी कागद काढला. "फाटक इथलं, खळगा इथला, म्हणजे ओतकामही इथलंच. लिहिते मी. सांगा बाबा, बनवणाऱ्याचं नाव?"

दाजी ताठ उभे राहिले. घसा खाकरला. तीस वर्षं सगळा बाजार ज्या नावानं हाक मारत होता, तेच त्यांच्या तोंडातून निघालं.

"जपान."

पेन थांबलं. चीफनी चाक सोडून दिलं. आणि उगोयेताईनं सगळ्या गावादेखत नवऱ्याच्या पाठीत असा धपाटा घातला की त्यांच्या बनियनवर पाच बोटं उमटली.

"स्वतःचं सांगा," ती म्हणाली. "जे तुमच्या आईनं ठेवलंय ते."

दाजी बनियनला हात पुसत राहिले. आठवत होते की लाजत होते, देव जाणे. मग अगदी हळू, शाळेत पहिल्यांदा उभं केलेल्या पोरासारखं, ते म्हणाले, "अफामेफूना." मॅडमनी स्पेलिंग विचारलं. ते मी सांगितलं, दाजींना ते नीट येत नव्हतं.

साठ गाड्यांची मागणी आली. साचा घ्यायच्या नमुन्यावरची अक्षरं दाजींनी स्वतः कानशीनं घासून काढली आणि मी नव्या पट्ट्या छापल्या: 'अफामेफूना, न्नेवी'. खळगा काही त्यांनी बुजवला नाही. त्या गाड्या आज डोंगरात फिरतात आणि नर्सबाई म्हणतात, ही अफाम कुठल्या देशाची कंपनी आहे, फार दणकट आहे हो.

परवा सकाळी चीफ अनेकवेंचा माणूस माझ्या छापखान्यात आला. आजूबाजूला पाहून त्यानं खिशातून एक पट्टी काढली. अशाच दोनशे हव्यात म्हणाला, आमच्या खोक्यातल्या गाड्यांवर लावायला. पट्टी दाजींच्या नावाची होती.

मी छापखाना उघडाच टाकून धावत शेडमध्ये गेलो. संतापून सांगितलं की ते लोक तुमच्या नावाचा नकली माल काढतायत, पोलिसांत जाऊ या. दाजींनी कानस खाली ठेवली. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी तेलकट हातानं पुसलं आणि सगळं तोंड काळं करून घेतलं.

"माझा नकली?" ते म्हणाले. "खरंच माझाच?"

मग उठून त्यांनी ताईला हाका मारल्या, आणि मला म्हणाले, "जा, आधी त्याला अक्षरं सरळ छापून दे."